अव्वाच्या तीन ओळी करडई

दोडप्पांच्या फोटोला हार घालून झाला आणि त्यांच्या नातवानं माईक हातात घेतला, तेव्हाच माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. भाऊबंदांचा मेळावा होता. कुंभारीपासून दुधनीपर्यंतचे आमचे जेवढे म्हणून नातेवाईक, तेवढे एका मंगल कार्यालयात कोंबलेले, आणि वरचे पंखे गरम वारा ढवळत होते. नातू म्हणाला, "आमच्या आजोबांनी या भागात करडईची शेती आणली." टाळ्या पडल्या. आणली म्हणे! सोलापूरच्या काळ्या मातीत करडई आणली! सूर्य पूर्वेला उगवायचा निर्णयही आजोबांनीच घेतला असं तो म्हणाला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं. फोटोशेजारी काचेच्या चौकटीत ते प्रमाणपत्रही मांडलेलं होतं, 'प्रगतिशील शेतकरी' असं ठळक अक्षरात. त्या कागदाला मी चौदाव्या वर्षापासून ओळखते. तो करडई पेरल्याबद्दल मिळालाय, पिकवल्याबद्दल नव्हे. मी उठून माईक मागितला. नातवानं अतिशय प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजी, जेवणं वाढलीत, आधी जेवून घ्या." तेव्हा जेवले. आता पोट भरलेलं आहे, हातात पेन आहे, आणि माईक काढून घ्यायला इथं कुणी नाही.

आमच्या घरात बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. त्यामुळं आई ती अव्वा, वडील ते अप्पा, आणि वडिलांचे थोरले भाऊ ते दोडप्पा. माळवदाचं घर, पुढं दगडी कट्टा, मागं गोठा, आणि गोठ्याला लागून काळंभोर रान, इतकं काळं की पावसाळ्यात त्यात चप्पल रुतली तर ती पुढच्या उन्हाळ्यात भेगेतून बाहेर यायची. घड्याळ घरात एकच, दोडप्पांच्या मनगटावर, आणि ते वेळेसाठी नव्हतं. वेळ आम्हाला होटगी सांगायची. जंक्शनवर पहाटेच्या इंजिनाची शिट्टी झाली की अव्वा भाकरी थापायला बसे. तिच्या तळहाताचा तो थप-थप आवाज, चुलीतल्या तुराट्यांचा तडतडाट आणि गोठ्यातल्या घुंगरांचा आवाज, या तिन्हींचं मिळून एक गाणं व्हायचं, ते मला अजून झोपेत ऐकू येतं. सूनबाई म्हणते, आई, तो फ्रीजचा आवाज आहे. असेल.

शेतात रब्बीची ज्वारी. पेरणीला अप्पा तिफण धरायचे आणि तिफणीमागून अव्वा चालायची, ओटीत बी घेऊन. तिफणीवर लाकडाच्या वाटीसारखं चाडं असतं. त्यात मुठीनं बी सोडत जायचं, ते तीन नळ्यांतून तीन ओळींनी मातीत उतरतं. मूठ सैल पडली की पीक दाट होतं, आवळली की विरळ होतं. अव्वाची मूठ अशी होती की तिच्या ज्वारीच्या ओळीत पट्टी ठेवून मोजा, दोन ताटांतलं अंतर केसानं हललेलं दिसायचं नाही. सगळं रान पेरून झालं की शेवटचा एक फेरा उरायचा, बांधाच्या कडेनं, अख्ख्या रानाला वळसा घालून. हा फेरा बाईचा. आमच्याकडची रीतच ती. त्या फेऱ्याला ती ओटीतली ज्वारी रिकामी करून स्वतःचं बी घेते, करडईचं, आणि त्या तीन ओळींत जे पिकेल ते तिचं. त्यात ना सासऱ्याचा हात, ना दिराचा. घरात आमच्या आईच्या नावावर ना पत्रा होता ना पातेलं. होत्या त्या तीन ओळी. म्हटलं तर तीन ओळी, आणि रानाभोवतीचा वळसा धरला तर तिचं राज्य अप्पांच्या राज्याला चारही बाजूंनी वेढून बसलेलं.

आणि त्या तीन ओळींवर घर चालायचं, हे कुणी बोलून दाखवत नसे. महिनाभरात रोपं दाट झाली की मधली उपटून विरळ करायची, आणि उपटलेली कोवळी पानं ही भाजी. लसूण, मूठभर मुगाची डाळ, हिरवी मिरची. जरा कडवट, जरा खारट, आणि गरम भाकरीबरोबर अशी की जेवताना आमच्या घरात कुणी भांडत नसे, तोंड रिकामं नसायचं. पुढं बियांचं तेल. घाण्यावरून डबा आला की अव्वा आधी देवापुढच्या दिव्यात घालायची, मग आमच्या डोक्यावर थापायची, मग ताटातल्या शेंगाच्या चटणीत बोटानं खळगा करून त्यात ओतायची. पिवळंधमक, कच्चं, उग्र वासाचं तेल. हल्ली सून एका चिमुकल्या बाटलीत करडईच्या पाकळ्या आणते, चहा करायला, आणि चिमटीनं अशा मोजून टाकते जणू केशर आहे. "आई, हृदयाला चांगलं असतं." मी पिते. पण मनात म्हणते, पोरी, या पाकळ्या आमच्याकडे वाऱ्यावर उडून दोडप्पांच्या धोतराला चिकटायच्या, आणि ते धोतर धुताना कुणाच्या हृदयाला काय व्हायचं ते मला विचार.

आता काटा. करडईची मोठी झालेली पानं आणि बोंडं काट्यांनी भरलेली असतात, हे पुस्तकातही सापडेल. आमच्या करडईचा काटा पुस्तकात मावायचा नाही. एकदा वाऱ्यानं तुटलेली एक फांदी रस्त्यावर पडली आणि तिच्यावरून एसटी गेली. टायर बसलं. कंडक्टर खाली उतरला, फांदी पाहिली, रानाभोवतीच्या तीन ओळी पाहिल्या, आणि अव्वाला हात जोडून परत गाडीत चढला. खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरला विचारा. तो आता हयात नाही, त्याला मी काय करू? सांगायचं एवढंच की ती तीन ओळींची भिंत होती. शेळी, म्हैस, रस्त्यानं जाणारी गुरं, सगळी नाकाला काटा टोचला की मागं फिरायची आणि आतली ज्वारी शाबूत राहायची.

त्या भिंतीची खरी गरज होती ती बसवण्णासाठी. बसवण्णा म्हणजे गावच्या देवाच्या नावानं सोडलेला वळू. त्याला दावं नाही, गोठा नाही, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. कुठल्याही दारात उभा राहिला की बाया भाकरी घेऊन धावायच्या, तो भाकरी खाऊन वर दारातली तुळसही खायचा, आणि बाया पाया पडायच्या. अंग असं की तो रस्त्यात आडवा बसला तर वरात दुसऱ्या गावाहून वळवावी लागायची. कुणाच्याही पिकात शिरला तरी त्याला काठी मारायची नाही, दगड मारायचा नाही, ओरडायचंसुद्धा नाही. फार तर "ऊठ रे देवा" म्हणायचं. असा हा देव फक्त एका गोष्टीला वचकून होता. अव्वा म्हणायची, "काट्याला देव कळत न्हाय, म्हणून बरं हाय."

दोडप्पा आमचे कारभारी. धोतर इतकं पांढरं की कावळा घरावरून जाताना वळसा घालून जायचा. शेतीतलं सगळं त्यांना ठाऊक, कारण त्यांनी ती रेडिओवर ऐकलेली होती. शेतात जायचे ते बांधापर्यंत, आणि बांधावरून हात करून दाखवायचे. मी त्यांची निंदा करत नाही. माणूस मनानं वाईट नव्हता. आजारी पडलं की रात्रभर उशाशी बसणारा होता. पण त्याला कुणी कधी "तुम्हाला कळत नाही" म्हणालं नव्हतं, आणि हे औषध वेळेवर न मिळाल्यानं माणसाचं जे होतं ते झालं होतं.

एका पेरणीच्या आधी ते तालुक्याच्या शेतकरी मेळाव्याला गेले आणि येताना पिशवी घेऊन आले. कट्ट्यावर शेजारपाजारचे जमवले. पिशवीतून मूठभर पांढरं बी काढून तळहातावर धरलं, जणू वाघाचा दात.

"ही करडई हाय. पन हिला काटा न्हाय."

शेजारची काशव्वा डोक्यावर घागर घेऊन चालली होती. ती थांबली. "काटा न्हाय? मग करडई म्हणून वळखायची कशी ओ?"

"तू हास. पुढच्या साली बगशील. बायकांच्या हाताला एक वरखडा पडायचा न्हाय. मी सायबाला म्हनलं, आमच्या घरच्या लक्ष्म्यांचं हात बगा."

अव्वा दाराआड होती. थोरल्या दिरापुढं ती डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली ठेवून, चुलीशी बोलल्यासारखी बोलायची. चुलीला म्हणाली, "बी चांगलं असंल की. मधी पेरावं एक तुकडा."

"मधी जवारी हाय. कडंला तुझी करडईच हाय न्हवं? तिच्या जागी ही करडई. करडईच्या जागी करडई. ह्यात इचारायचं काय हाय?"

माझी वाचकांना विनंती आहे की हे वाक्य परत वाचावं. करडईच्या जागी करडई. चार लोकांनी माना डोलावल्या. राखणीला उभ्या केलेल्या माणसाच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि म्हणायचं, माणूस तर तोच आहे! इतकी साधी गोष्ट गावातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात शिरली नाही, आणि बायकांच्या डोक्यात शिरली होती ती चुलीला ऐकवावी लागत होती.

पेरणीच्या दिवशी ज्वारी झाली, आणि शेवटच्या फेऱ्याला अव्वानं ओटीत आपलं बी घेतलं. जुनं, काट्याचं, राखेत घोळून गाडग्यात जपलेलं. तेवढ्यात दोडप्पा धोतराचा सोगा वर धरून ढेकळांतून चालत आले. तो दिवस ऐतिहासिकच म्हणायचा, कारण त्यांची पावलं बांधाच्या आत पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी चाड्यावर हात धरला आणि आपल्या पिशवीतलं बी सोडायला लागले. अव्वा बाजूला झाली. दोडप्पांची मूठ कशी होती? एका हातभर जागेत शंभर दाणे, पुढच्या चार हातांत एकही नाही. अप्पा तिफण धरून होते. त्यांनी ना भावाकडं पाहिलं ना बायकोकडं. पूर्ण फेराभर ते बैलांच्या शेपट्यांकडं पाहत होते. मी अप्पांवर जीव टाकायची, पण त्या बैलांच्या शेपट्या मी त्यांना कधी माफ केल्या नाहीत.

त्या दिवशी अव्वा भरल्या ओटीनं घरी आली. सगळं बी परत गाडग्यात ओतलं, वर राख घातली, तोंडाला फडकं बांधलं. मी पाय आपटत म्हणाले, "अव्वा, तू बोलली का न्हाईस?"

"बोलले की."

"चुलीला!"

"चुलीला तरी कळलं," अव्वा म्हणाली.

पीक आलं. लहानपणी सगळ्याच करडया सारख्या दिसतात, त्यामुळं भाजी झाली आणि दोडप्पा ताटावर बसून म्हणाले, "बगा, किती मऊ हाय!" जणू भाजी आजवर आम्ही काट्यासकट खात होतो. मग झाडं वाढली, बोंडं धरली, पिवळी-केशरी फुलं आली. दिसायला देखणीच. हात फिरवावा तर गालावर फिरवल्यासारखं. दोडप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवून हात फिरवायला लावायचे. पाहुणे झाले, पोस्टमन झाला, आणि ज्वारी हुरड्यात आली तेव्हा एके दिवशी बसवण्णाही आला.

त्यानंही आधी नाकच लावलं. नेहमीचा काटा टोचला नाही. बहुधा त्यालाही विश्वास बसला नसावा, कारण काशव्वानं पाहिलं होतं, तो दोन पावलं मागं सरला, परत पुढं आला आणि परत नाक लावलं. मग त्यानं तोंडी लावायला करडई खाल्ली आणि जेवायला ज्वारीत शिरला. आम्ही धावत गेलो तेव्हा तो रानाच्या मधोमध बसून रवंथ करत होता. चहूबाजूंनी ताटं आडवी. हुरड्याची कणसं अशी ओरबाडलेली की नुसती बुडखं उभी. मारायचं तर नाहीच. अप्पा हात जोडून "ऊठ रे देवा, ऊठ" म्हणत उभे. देव ऐकत होता आणि चघळत होता. दुसऱ्या दिवशी परत आला. वाट त्याला सापडली होती, आणि त्याच्या मागून गावातल्या सगळ्या मोकाट गुरांना. आम्ही पाळी लावून राखण केली, थाळ्या बडवल्या, तरी त्या साली निम्मं रान गेलं. आमच्या घरी हुरडा भाजला गेला नाही, असा तो एकच हिवाळा.

आणि दोष कुणाचा? इथं मला थांबून पाणी प्यावं लागतं. दोडप्पा कट्ट्यावर बसून चार लोकांदेखत म्हणाले, "कडंची राखण कुनाकडं हुती? बाईकडं. तिचं ध्यान न्हाय. आता हितनं पुढं कडंचं बी घराचं, तेल बी घराचं. मी बगतो काय ते." एवढंच. एका दमात अव्वाचं राज्य खालसा. तेलाचा डबा स्वयंपाकघरातून उचलून दोडप्पांच्या खोलीत गेला. अव्वाला देवापुढच्या दिव्याला तेल हवं असलं तरी पळी घेऊन दाराशी उभं राहावं लागायला लागलं. जिच्या तेलानं त्यांचं डोकं थंड होत होतं, तिनं पळी घेऊन उभं राहायचं! मी आतून ओरडले. अव्वा म्हणाली, "गप." अप्पा जेवत होते. त्यांनी चटणीत बोटानं खळगा केला, आणि त्यात ओतायला कुणी आलं नाही तेव्हा तो खळगा मुकाट्यानं मिटवून टाकला.

पुढच्याच आठवड्यात बियाणं देणारे साहेब पीक बघायला जीपनं आले, गळ्यात कॅमेरा. दोडप्पांनी त्यांना रस्त्याकडचा तेवढा पट्टा दाखवला जिथं बसवण्णाचं पोट भरलेलं असल्यानं तो थांबला होता. साहेब खूश. आजूबाजूला गाव गोळा झालेलं. अव्वा चहाचा ट्रे माझ्या हाती देऊन मागं उभी होती. मी चहा दिला आणि विचारलं, "सायेब, ही करडई बांधाला पेरायची, का मधी?"

साहेब हसून म्हणाले, "मधे. बांधाला कशी पेरणार? हिला काटे नाहीत, जनावरं आत येतील. बांधाला तुमची जुनी काट्याचीच ठेवा. मी मेळाव्यात दोनदा सांगितलं होतं."

अशी शांतता पसरली की होटगीला मालगाडीचे डबे जोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं. आता दोडप्पा खाली बघतील. दोडप्पांनी चहाचा घोट घेतला, मागं वळून अव्वाकडं बोट केलं आणि म्हणाले, "तेच मी हिला सांगत हुतो."

तेच मी हिला सांगत होतो! इतक्या वर्षांनी हे शब्द लिहिताना माझं पेन कागद फाडून खाली उतरलंय. मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, "म्हादे, आत जा." माझं नाव महादेवी, चिडले की म्हादे. मी आत गेले. बाहेर फोटो निघाला. ते प्रमाणपत्र पुढं टपालानं आलं, आणि आता मंगल कार्यालयात मिरवतं ते तेच.

पुढच्या पेरणीला दोडप्पांना अर्थातच काट्याचं बी हवं होतं, आणि ते अख्ख्या घरात एका गाडग्यात होतं. निरोप अप्पांकरवी आला. मी म्हटलं, देऊ नकोस. अव्वानं फडकं सोडलं, राख चाळली, बी सुपात काढून दिलं. "बी अडवायचं नसतं गं. त्याचा काय गुन्हा हाय?" शेवटच्या फेऱ्याला ती दोडप्पांच्या सुपातून बी घेऊन चाड्यात सोडत गेली. ओटी रिकामी. ओळी पट्टीनं आखल्यासारख्या आल्या. काटे असे आले की बसवण्णा नुसता लांबून बघून निघून जायचा. दोडप्पा सगळ्यांना सांगायचे, "औंदा मी सवता लक्ष घातलंय."

मग काढणी आली.

करडई वाळली की वाऱ्यानं बोंडं एकमेकांवर घासतात आणि रानाभोवती दिवसभर खुळखुळ्यासारखा आवाज होत राहतो. तो आवाज आला की गावातल्या बायका जुन्या लुगड्यांची फडकी काढायच्या. काढणीला सावड असायची. आज सगळ्याजणी मिळून माझ्या ओळी, उद्या तुझ्या. अंगठ्यापासून कोपरापर्यंत फडकी गुंडाळायची आणि तांबडं फुटताना रानात उतरायचं. त्याच वेळी का, तर दवानं काटा मऊ पडलेला असतो, वाकतो, टोचत नाही. ऊन वर आलं की तोच काटा दाभण होतो. ही गोष्ट आमच्या भागातली प्रत्येक बाई जाणते. पुरुषांना ठाऊक नव्हती, कारण ते कधी गेलेच नव्हते. रेडिओवरही कधी सांगितली गेली नसावी.

दोडप्पांनी काशव्वाला निरोप धाडला, उद्या बाया घेऊन ये. काशव्वा स्वतः कट्ट्याशी आली, कमरेवर हात ठेवून. "सावड बाईची बाईला असती, भावजी. तुमच्या ओळी हायत्या, तर तुमी तुमच्या गड्यांची सावड करा की." आणि निघून गेली. त्या दिवशी तिच्या पाठीकडं बघून मी ठरवलं की मोठेपणी आपण असंच चालायचं. मी अजून तसं चालते, गुडघे बदलले तरी.

"न्हाय तर न्हाय," दोडप्पा म्हणाले. "चार झाडं उपटायला काय लागतंय? आमी दोगं भाऊ काढतो."

अव्वानं धुऊन घडी केलेली फडकी आणून कट्ट्यावर ठेवली. "हाताला गुंडाळायला हायती." हे मात्र ती चुलीला नाही, कट्ट्याला म्हणाली.

"बायकांची फडकी?" दोडप्पा हसले.

सकाळी ते निवांत उठले. अंघोळ झाली, पूजा झाली, चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, वर दोनदा चहा झाला. मी उन्हाकडं बघत होते. अव्वा दारात बसून तुरीची डाळ निवडत होती, इतकी सावकाश की त्या दिवशी तिनं एकेका दाण्याची चौकशी केली असावी. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघींपैकी कुणीही ती बोललं नाही. ऊन चांगलं चटका द्यायला लागलं तेव्हा दोघे भाऊ रानात गेले. मी मागोमाग, पाणी द्यायच्या निमित्तानं.

दोडप्पांनी बाह्या सारल्या, पहिल्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओढलं. त्यांनी जी किंकाळी फोडली तिला गावात तोड नाही. चिंचेवरचे सगळे पक्षी उडाले ते परत दुसऱ्या हंगामात आले. होटगीला गार्डानं हिरवा झेंडा खाली घेतला असं काहीजण म्हणतात, मी तेवढं म्हणत नाही. दोडप्पा हात पाण्याच्या घागरीत बुडवून बांधावर बसले, मग म्हणाले, "तू काढ रे जरा, मला गावात काम हाय," आणि गेले. सोबत गडी नाही, बाया नाहीत. अप्पा एकटे राहिले. फडकी कट्ट्यावरच पडलेली होती, आणि भावानं न घेतलेली ती त्यांना परत जाऊन उचलवेनात. मी म्हटलं, "अप्पा, मी आणते." ते म्हणाले, "राहू दे." त्यांनी उघड्या हातांनी ऊन उतरेपर्यंत करडई उपटली. इतक्या मेहनतीनं निघाली किती, तर एका ओळीचा लहानसा तुकडा. उरलेल्या ओळी चहूबाजूंनी खुळखुळत होत्या, आणि त्या माझ्या बापाला हसताहेत असंच मला वाटलं. मीही हसणार होते. मग मला त्यांचे तळहात दिसले.

दिवेलागणीला ते चुलीशी येऊन बसले. हात चाळणीसारखे झालेले. अव्वानं बांगडीतली पिन काढली, जाळावर धरली, आणि एकेक काटा काढायला घेतला. काटा निघाला की त्या जागी तेलाचा थेंब. तेल दोडप्पांच्या खोलीतलं. आज ती पळी घेऊन दाराशी उभी राहिली नव्हती, सरळ आत जाऊन डबा उचलून आणला होता. कट्ट्यावर दोडप्पांचा रेडिओ चालू होता, चार लोक बसलेले होते. अप्पा दात आवळून, नजर आपल्या हातावर. बैलांच्या शेपट्या आज नव्हत्याच बघायला.

मग ते हळूच म्हणाले, "तुझ्याच ओळी हायत्या त्या."

"मला म्हाईत हाय," अव्वा म्हणाली. "मला कशाला सांगताय? भाईर बसलेत त्यास्नी सांगा."

"सांगतो की. उद्याला सांगतो."

अव्वानं मान डोलावली. दोन्ही हात दिव्याच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिले, पुसले, आणि पिन परत बांगडीत अडकवली.

"झालं सगळं?" अप्पांनी विचारलं.

"एक हाय अजून. अंगठ्याच्या बुडात. लई खोल गेलाय."

"मग काढ की!"

"काढते की," अव्वा म्हणाली आणि चुलीतली लाकडं पुढं सारली. "तुमी भाईर जाऊन या."

अप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग उठले. मी दाराशी गेले. अप्पा कट्ट्यावर आले, आणि माझ्या देखत जन्मात पहिल्यांदा त्यांनी भावाचा रेडिओ बंद केला.

"अण्णा, त्या ओळी हिच्या हायत्या. गेल्या साली चूक तुमची हुती, बोट तुमी हिच्याकडं केलं, आनि मी गप बसलो. ती माजी चूक. ओळी हिच्या, तेल हिचं."

दोडप्पा म्हणाले, "बायकूनं शिकवून धाडलं व्हय?"

"व्हय," अप्पा म्हणाले, चारही लोकांना ऐकू जाईल असं. "तिनंच धाडलंय."

कुणी हसलं नाही. अप्पा आत आले, चुलीपुढं मांडी घालून बसले आणि अव्वापुढं हात पसरला. अव्वानं बांगडीतली पिन काढली.